बिनगाण्याचा तुकडा

"गाणं मध्येच बंद होईल. होऊ द्या. बिघाड नाही तो. आम्हीच बंद करतोय. आणि तेवढा वेळ तुम्ही बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही," प्राचीनं स्टेजच्या पायरीशी उभं राहून सांगितलं. सकाळी हेच सांगितलं होतं, दुपारीही हेच. कडेवर झोपेला आलेली तिची तान्ही लेक ओवी, खांद्यावर तिचं दुपटं, आणि नाचाची काळी विजार एका बाजूनं दुधानं ओली.

"न्हाई बोलत ना ताई," निवेदक सोमाजी म्हणाला. "पर एक सांगा, चांगलं चाललेलं गाणं बंद कशापायी करायचं?"

प्राचीनं डोळे मिटून घेतले. या माणसाला काय समजवायचं? मंचरपासून मढपर्यंत एकही यात्रा, एकही गॅदरिंग त्याच्यावाचून होत नसे. वीज जाऊन जाऊन या मुलखातल्या निवेदकांना एक सवय जडली होती. आवाज थांबला की यांनी माईक धरलाच. पब्लिक उठून जाता कामा नये, बस. मागच्या यात्रेत मढला नाचाचा तो बिनगाण्याचा तुकडा सुरू झाला, प्राची जमिनीलगत निम्मी झुकलेली, आणि वरून सोमाजीचा आवाज आला, "कुणीबी जागा सोडू नका, मशीन जरा गरम झालंय, तवर सरपंचांचं स्वागत करूया." सरपंचसुद्धा उठून स्टेजवर आले. प्राचीच्या पायाला अडखळून नारळ घेऊन गेले.

त्याआधी मंचरच्या शाळेत साउंडवाल्यानं सीडी अडकली समजून पुढचं गाणं लावलं, ते लेझमीचं निघालं.

आज कळंबची यात्रा. प्राचीचं सासर. आणि शाहनवाजनं सांगूनच ठेवलं होतं, "आज पण राडा झाला ना, तर तो तुकडा कट. पुण्याच्या स्पर्धेला आपण हसं करून घ्यायला नाही चाललो."

शाहनवाज जुन्नरचा, बांगडीवाल्यांच्या घरातला. हिप हॉप शिकला तो सीडी थांबवून थांबवून, दुकानाच्या माळ्यावर. त्याच्या नाचात हाडंबिडं नसल्यासारखं सगळं तुटायचं आणि जुळायचं. प्राची पुण्याला कंटेम्पररी शिकून आलेली. मंचरला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत दोघांनी क्लास काढला, आणि त्याचं तुटणं नि तिचं वाहणं एकत्र करून नाच बसवायला लागले. चारचौघांत तो तिला ताई म्हणायचा. भांडताना नुसतं प्राची. हल्ली ताई कमीच ऐकू यायचं.

तो तुकडा काढणं म्हणजे काय, हे त्याला कळत होतं की नाही, कोण जाणे. बाळंतपणानंतर प्राचीनं स्वतःचं म्हणून बसवलेलं तेवढंच होतं. बाकी सगळा नाच त्याचा, ती त्यात मागून येऊन उभी राहिलेली. घरी दुपारी गाणं लावायची सोय नव्हती, सासऱ्यांची झोप मोडायची. मग भांड्यांची मांडणी आणि ओवीची झोळी यांच्यामधल्या जागेत ती आवाज न करता नाचायची. पडायचं, पण फरशीला कळता कामा नये. उठायचं, पण बांगडी वाजता कामा नये. त्यातून तो तुकडा झाला. पहिल्यांदा दाखवला तेव्हा शाहनवाजनं तो पुन्हा एकदा करायला लावला होता. मग म्हणाला होता, "ठेवू."

आता तोच धावत आला. "अजून लेकरू कडेवरच? आपलाच नंबर आहे."

"आत्या येतात म्हणाल्या होत्या ओवीला घ्यायला."

आत्या म्हणजे कुशाबाई, प्राचीच्या सासूबाई. त्या मढच्या बहिणीला भेटायला यात्रेतल्या पाळण्यांकडे गेल्या होत्या. सोमाजीनं लगेच माईकवरून हाळी दिली, "कुशाबाई जिथं असतील तिथून स्टेजपाशी यावं, सूनबाई खोळंबल्यात!" सगळी यात्रा हसली. कुशाबाई आल्या नाहीत.

"यार, प्राची!"

"मग काय करू? फेकून देऊ?" एव्हाना ओवी झोपली होती. गिरणीच्या घरघरीत आणि याच्या गाण्यांत वाढलेली पोर, तिला आवाजाचं काही नसे. प्राचीनं इकडेतिकडे पाहिलं आणि स्टेजच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या सोमाजीच्या मांडीवर सरळ ओवीला ठेवलं.

"आवो, मी? आन माईक?"

"माईक बंद करून ठेवा!"

ती स्टेजवर गेली. गाणं सुरू झालं. शाहनवाज हातावर उलटा झाला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. ती मागून पुढे आली, त्याच्या झटक्याला वळण देत, आणि डोक्यात एकच, आता थांबेल, आता तो बोलेल.

गाणं थांबलं.

"लाईट गेली का रं?" मागून कुणीतरी ओरडलं. प्राची खाली झुकली आणि कोपऱ्यात सोमाजीनं तोंड उघडलेलं तिला स्पष्ट दिसलं. संपलं, तिनं मनात म्हटलं.

पण त्याच क्षणी ओवी चुळबुळली. आवाज थांबला की ती अशीच जागी व्हायची, घरीही. सोमाजीचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं खाली बघितलं आणि घाईघाईनं तिला थोपटायला लागला.

हातातला माईक त्यानं बंद केला नव्हताच. थप, थप-थप, थप. दोन्ही कर्ण्यांतून ते सगळ्या मैदानावर गेलं.

प्राचीच्या डोक्यात तिडीक गेली. याला शांतताही धड राहू देववत नाही! पण पाय थांबले नव्हते. थांबायचं कारणच नव्हतं, पाय त्या थोपटण्यावरच चालले होते. घरी तिचा एक हात सदोदित झोळीवर थोपटत असायचा. हाच तर ठेका होता, तिनं तो कधी मोजलाच नव्हता.

पुढच्या रांगेतल्या बायका हसायच्या थांबल्या. एकीनं मांडीवरच्या नातवाला उगाचच जवळ ओढलं. शाहनवाजनं मान वळवून कोपऱ्यात बघितलं, एक खांदा सोडला, मग दुसरा. तो त्या थपेवर तुटायला लागला, अगदी हळू, फरशीला कळणार नाही असा.

गाणं पुन्हा लागलं तेव्हा साऱ्या मैदानानं एकदम श्वास घेतल्यासारखं झालं.

उतरल्या उतरल्या ती सोमाजीपुढे उभी राहिली. "माईक बंद ठेवा म्हटलं होतं ना? किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

सोमाजीनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला ताई," तो कुजबुजला. "आत्ता कुठं डोळा लागलाय."

शाहनवाज पायरीवर बसून घाम पुसत होता. "ठेवू," तो म्हणाला.

"काय ठेवू? सगळा नास केला त्यांनी."

"तेच ठेवू. तसंच. पुण्याला यांना पण न्यावं लागणार, ताई."

"मला?" सोमाजी खुलला, पण आवाज न वाढवता. "मंग तिथं सुरुवातीला चार शब्द बोलू का?"

"नाही!" दोघं एकदम ओरडले, आणि ओवी भोकाड पसरून उठली.