हुंकाराची जागा

“मंगला, कहानी भिंतले नको सांगजो. हुंकारा देनारी समोर पाहिजे. ती नही उनी, ते तू तिना घर जाय.”

दर शुक्रवारी देवासमोर पाट मांडताना मंगलाबाईंना सासूबाईंचे हे शब्द ऐकू येत. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून तसाच होता, खणखणीत आणि जरासा दटावणारा. शेवटच्या दुखण्यात त्यांनी हे सांगितलं, ऐकणारी आली नाही तर आपणच तिच्या घरी जायचं असं बजावलं, तेव्हा मंगलाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, ‘बरं’. त्या एका ‘बरं’वर विसंबून म्हातारीने सुखाने डोळे मिटले, असं त्यांना मनापासून वाटे.

आजही त्यांनी सवयीने दोन पाट मांडले. मग त्यातला एक उचलून भिंतीशी टेकवला, त्या जागी तांदळाचा डबा ठेवला आणि डब्याला टेकवून मोबाइल उभा केला.

“जयू, दिसतेय का गं मी?”

“अर्धीच दिसतेस, आई. डोकं कापलंय. फोन जरा मागे घे.”

नाशिकला सासरी असलेली जयश्री पडद्यावर ओल्या हातांनीच बसली होती.

“अक्षता घेतल्यास हातात?”

“घेतल्या. पण लवकर सांग हं, कुकर लावलाय.”

“कहाणीला लवकर नसतं. गॅस बारीक कर.”

खाटेवर पडलेले सुकदेवआप्पा हसले. पांडेसऱ्याच्या कापड मिलमधली सगळी उमर रंगाच्या हौदांपाशी काढून ते आता घरी बसले होते आणि बसल्या बसल्या चिमटे काढत होते.

“देवालाही रिचार्ज मारावा लागतो म्हणायचा आता.”

“मारलाय. तुमच्या कुस्त्या बघून उरला, तर देवाला.”

“एवढं फोनवर कशाला? मी देतो हुंकारा.”

“तुम्ही घोरता. देवीला वाटायचं, तोच हुंकार.”

जयश्री पलीकडे खळखळून हसली. मंगलाबाईंनीही पदराने ओठ झाकले आणि मूठ मिटून कहाणीला सुरुवात केली.

शुक्रवारचं हे व्रत त्यांनी कधी मोडलं नव्हतं. कहाणी सांगून झाल्याशिवाय तोंडात घास जायचा नाही. ऐकणारीने हातात अक्षता धरायच्या, प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हणायचं आणि शेवटी दोघींनी त्या देवीला वाहायच्या. ऐकणारी होती शोभाबाई, मागच्या गल्लीतली. दोघी खान्देशातून साधारण एकाच सुमाराला इकडे गुजरातेत, लिंबायतला आल्या होत्या, दोघींचे नवरे मिलमध्ये होते, दोघींची मुलं एकाच अंगणात वाढली. शोभाबाईला कहाणी सांगता यायची नाही, शब्द पुढे-मागे व्हायचे. पण हुंकार द्यावा तो तिनेच. दुःखाच्या जागी तिचा ‘हं’ खोल जायचा, कुणाला न्याय मिळाला की टाळी दिल्यासारखा वाजायचा.

गेले काही शुक्रवार मात्र ती आली नव्हती. मंगलाबाईंनी निरोप टाकला, त्याला उत्तर आलं, ‘पाय दुखतात माय. तू सांग.’ जिना उभा, गुडघे जुने. मंगलाबाईंना ते पटलं. त्यांनी लेकीला फोन लावला आणि व्रत सुरळीत चालू राहिलं.

मंदिरात बायका म्हणत, फोनने माणसं तोडली. मंगलाबाई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. हळू आवाजात एवढंच म्हणत, “माझ्या आईला माझी खुशाली कळायला कुणाला तरी गावी जावं लागायचं. मला माझ्या लेकीच्या कुकरची शिट्टी इथे ऐकू येते.”

शिवाय सून अश्विनी घरबसल्या फोनसमोर उभी राहून साड्या विकायची. पूर्वी तीच घरात बसून दुसऱ्याच्या साड्यांना टिकल्या लावायची आणि मान धरली की रडायची. आता गिऱ्हाइकाशी गुजरातीत, हिंदीत, मराठीत फाडफाड बोलायची. मध्यंतरी तिनेच एका शुक्रवारी मंगलाबाईंची कहाणी रेकॉर्ड करून आपल्या चॅनेलवर टाकली होती. कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटी राहणारी सिल्वासाची कुणी बाई लिहून गेली, ‘काकी, आई गेल्यापासून कहाणी ऐकलीच नव्हती.’ ते वाचून मंगलाबाईंनी देवीपुढे एक वात जास्त लावली होती.

कहाणी संपली. इकडे आईने आणि तिकडे लेकीने अक्षता वाहिल्या. कुकरची शिट्टी झाली. जयश्री उठता उठता म्हणाली, “आई, माझ्या सासूबाई तुझी चॅनेलवरची कहाणी रोज लावतात. पण त्यात तू मधे मधे थांबतेस का गं? त्यांना वाटतं नेटच अडकलं.”

“मी कशाला थांबू?”

“थांबतेस. ऐक एकदा.”

फोन बंद झाला. मंगलाबाईंनी ताट वाढून घेतलं, पण हात ताटाकडे गेला नाही. त्यांनी अश्विनीला हाक मारली. ती साड्यांच्या घड्या घालत होती.

“ती कहाणी लाव बरं माझी.”

अश्विनीने लावली. स्वतःचा आवाज ऐकताना मंगलाबाई नेहमीच जरा अवघडत, पण आज कान देऊन बसल्या. ‘म्हातारी उठली, नदीवर गेली, ओंजळ भरली…’ आणि पुढे काहीच नाही. मग पुन्हा त्यांचाच आवाज. पुन्हा एक वाक्य, पुन्हा तीच पोकळी. दोनदा, तीनदा ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण थांबलो होतो ते शोभाबाईसाठी.

“यातली शोभाबाई कुठे गेली?”

“ते होय? मी काढलं ते, मम्मी. मागून सारखं हं-हं येत होतं. डिस्टर्ब थाय ने. लोकांना साफ आवाज पाहिजे असतो.”

अश्विनी सहज बोलून गेली. मग तिने वर पाहिलं. मंगलाबाईंची नजर भिंतीला टेकवलेल्या पाटावर होती.

“तिने हे ऐकलं असेल का गं?”

अश्विनीने बोटाने पडदा वर सरकवायला सुरुवात केली. लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं, ते ती भराभर मागे टाकत होती. मग बोट थांबलं.

“वाच.”

“जाऊ द्या ना, मम्मी.”

“वाच, अश्विनी.”

अश्विनीने आवाज खाली आणून वाचलं. “‘आमची शोभाआत्या गावी आली होती. म्हणाली, यात मी पण आहे. आम्हाला सगळ्यांना ओळीने बसवून ऐकवलं. आत्या, तू कुठे आहेस?’ पुढे हसणारे चेहरे आहेत. आणि खाली कुणीतरी लिहिलंय, ‘आत्या पाटाखाली लपली.’”

“कधीचं आहे?”

“त्या यायच्या बंद झाल्या ना, त्याच्या आधीच्या आठवड्यातलं.”

खाटेवरून आप्पा उठून बसले. “मी म्हणतच होतो. हा फोन म्हणजे…”

“फोनने काय केलं?” मंगलाबाईंचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “तो बिचारा केव्हाचा सांगतोय. मीच वाचलं नाही. ती ‘पाय दुखतात’ म्हणाली आणि मी निवांत लेकीला फोन लावला.”

आप्पांनी डोक्यावरून हात फिरवला.

अश्विनीचे डोळे भरून आले होते. “मम्मी, मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. सगळं आहे, त्यांच्या आवाजासकट. ते आत्ता चढवते. जुनं काढून टाकते. खाली माफी लिहू?”

“माफी तिथे नको. सगळ्यांच्या देखत पुन्हा तिचंच हसू होईल.” मंगलाबाईंनी पडद्याकडे बोट केलं. “वर माझं नाव लिहिलंयस ना?”

“हो. ‘कहाणी सांगणार मंगलाबाई.’”

“त्याच्या शेजारी लिही, ‘हुंकार देणार शोभाबाई.’ अक्षर सारखंच ठेव. माझं मोठं, तिचं बारीक, असं नको.”

अश्विनीने मान हलवली आणि साड्या तशाच टाकून फोन घेऊन खिडकीशी बसली.

मंगलाबाईंनी वाढलेलं ताट झाकून ठेवलं.

“अगं, कहाणी झाली ना तुझी? जेवून घे की,” आप्पा म्हणाले.

“आणखी एकदा सांगायचीय.”

देवीपुढच्या वाटीतून त्यांनी मूठभर अक्षता घेतल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली. गूळ-फुटाण्यांचा प्रसाद छोट्या डब्यात भरला. मग भिंतीला टेकवलेला पाट पुसून काखेत घेतला.

“पाट कशाला? तिच्या घरी पाट नाहीत का?” आप्पांनी विचारलं.

“आहेत. पण ती याच्यावर बसते.”

“फोन करून विचारू का, घरी आहेत का त्या?” अश्विनी म्हणाली.

“नको. फोनवर तिला ‘पाय दुखतात’ म्हणता येईल. दारात उभी राहिले की ‘ये’च म्हणावं लागेल.”

“मी येऊ सोबत? चूक तर माझीच आहे.”

“तू उद्या जा. तिच्या हातचा चहा पिऊन ये, रागावली तर ऐकून घे. आज माझा वार आहे.”

जिना उतरताना त्यांना स्वतःचे गुडघे जाणवले. खाली गल्लीत दुपारचं ऊन होतं. पलीकडच्या गाळ्यातले माग खटखटत होते, रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. कोपऱ्यावरच्या खोलीच्या खिडकीत कुणीतरी फोन ठेवून भाकरी थापत होतं आणि त्यातून मंगलाबाईंचाच आवाज येत होता. जुनीच कहाणी, अजून बदललेली नव्हती.

‘म्हातारी उठली, नदीवर गेली, ओंजळ भरली…’

पुढे ती रिकामी जागा आली.

“हं,” मंगलाबाई चालता चालता हळूच म्हणाल्या, काखेतला पाट नीट धरला आणि मागच्या गल्लीकडे वळल्या.