बारुदखान्याचा दरवाजा

मित्रांनो, मी एका जुन्या ब्रिटिश युद्धनौकेच्या बारुदखान्याचा पोलादी दरवाजा आहे. तोफांसाठी बारुदाची पिशवी बाहेर दिली, की मला लगेच लावून घ्यायचे. वर आग लागलीच तर ती माझ्यापाशी अडावी, एवढ्यासाठीच माझा जन्म.

लेफ्टनंट ट्रेव्हान्स तोफखान्याचा अधिकारी होऊन आला, तेव्हा नियमाचा पक्का होता. पण भराभर तोफा डागण्याच्या शर्यतीत आमचे जहाज शेवटचे आले आणि बाकीच्या अधिकाऱ्यांनी त्याची टर उडवली. "काय रे ट्रेव्हान्स, तुझ्या तोफा आधी चहा पितात काय?"

तेव्हापासून त्याच्या हुकमाने मी उघडाच राहू लागलो. दाराची उघडझाप करण्यात वेळ जातो ना! पिशव्या माझ्या उंबरठ्यावर रचलेल्या असत. पुढच्याच वर्षी चषक आमचा झाला. ट्रेव्हान्सला बढती मिळाली, मला पॉलिश मिळाले.

मग खरे युद्ध आले. उत्तर समुद्रात एक गोळा आमच्या तोफेवर फुटला. आग खाली धावली. वरून बोलण्याच्या नळीतून ट्रेव्हान्स ओरडला, "पास्को, दार लाव! मी आत पाणी सोडतोय!"

"आम्ही आत आहोत, साहेब!"

"लाव म्हणतो ना!"

बाहेर सगळा जाळच होता. बारुदखान्यातल्या म्हाताऱ्या खलाशाने, पास्कोने, पिशव्या पायाने आत ढकलल्या आणि मला ओढून घेतले. "लावलं, साहेब. दुसऱ्या जहाजावर माझा पोरगाही हेच काम करतो. त्याला सांगा, दार लावत जा म्हणावं."

पाणी चढत गेले. त्यांचे हात बराच वेळ माझ्यावर आपटत होते. जहाज वाचले.

चौकशीत ट्रेव्हान्सने शपथेवर सांगितले, "दार नेहमी बंदच असायचं." खरे सांगितले असते, तर चषक गेला असता, बढतीही गेली असती. पास्कोचा पोरगा जॅब्झ बापाचा मृतदेह न्यायला आला. माझ्यावर हात ठेवून त्याने विचारले, "साहेब, बाबा काही बोलले का हो?"

ट्रेव्हान्स म्हणाला, "नाही रे. वेळच मिळाला नाही. फार शूर माणूस."

ट्रेव्हान्स कॅप्टन झाला. मी भंगारात आलो. इथल्या कामगारांच्या तोंडून कळले, की पुढच्या लढाईत जॅब्झचे जहाज एका गोळ्यासरशी फुटले; तिथेही बारुदखान्याचे दार उघडेच होते म्हणे.

मित्रांनो, चूक झाली तर कबूल करा रे. अब्रू गेली तर जाऊ द्या. जॅब्झने विचारले होते हो, अगदी समोर उभे राहून विचारले होते.