किडनीचा रकाना

अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर टेबल टाकून बसायचं आणि फॉर्म भरायचे, एवढंच माझं काम. विषाणूच्या तापाने फुप्फुसं धरलेला पेशंट आला की वय, साखर, दमा, हृदय, किडनी, सगळ्यापुढे हो किंवा नाही. कोण कशामुळे दगावतं याचा अभ्यास चाललाय म्हणे. एवढे फॉर्म भरले, हात कधी अडखळला नाही. आणि कालपासून आत माझा सख्खा दादा आहे, नाकातोंडात नळ्या, आणि माझं डोकंच चालेनासं झालंय.

"किडनीचा काही त्रास?" डॉक्टरांनी काल वहिनीला विचारलं.

"छे! ठणठणीत आहेत अगदी," वहिनी म्हणाली. मी शेजारीच होते, गप्प.

दादाला एकच किडनी आहे. दुसरी माझ्या पोटात. लग्नाआधी दिली त्याने. पोटावरचा व्रण मुतखड्याच्या ऑपरेशनचा, असं वहिनीला सांगितलंय म्हणाला, आणि मला शपथ घातली, चकार शब्द काढायचा नाही. आता काय करू? आजार तर नाहीच ना त्याला! एक आहे, पण धडधाकट. मग हो की नाही? पेन 'नाही'वर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. अगं बये, लोकांचं भराभर लिहितेस, मग लिही की!

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "लघवी एवढी कमी का होतेय, कळत नाही."

मी पेन खाली ठेवलं. "त्याला एकच किडनी आहे, डॉक्टर. एक मला दिलीय." वहिनीकडे बघायची हिंमत झाली नाही.

"मला ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. "लग्न ठरतानाच सांगितलं यांनी, आणि तुला ओशाळं वाटेल म्हणून तुला कळू द्यायचं नाही म्हणाले. तुझ्यासमोर कसं बोलू गं? तुझ्या जिवाला लागलं असतं."

"माहीत असून ठणठणीत म्हणालीस?"

"आणि तू?"

राग धड येईना, रडू धड येईना.

"अहो, एकमेकींना जपत बसलात दोघी!" डॉक्टर ओरडले. "कालपासून किडनीवर ताण देणाऱ्या औषधांचा पूर्ण डोस चालू आहे त्यांना!" आणि ते आत धावले.

वहिनी माझ्या टेबलाशी बसली. "तू रोज हेच लिहितेस ना? असं झालेले किती वाचतात गं?"

"मोजले नाहीत कधी," मी म्हटलं.

मोजले होते.