उतरवलेली पोर

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की महालिंगप्पा सगळ्यांत आधी आपल्या लेकीचं वजन करीत. जळकोटला हायवेलगत त्यांचं सोयाबीन-तूर खरेदीचं दुकान होतं. पोती जोखायचा मोठा काटा दाराशीच असायचा. शिवलीला चपला काढून त्यावर उभी राहायची. हमाल मान दुसरीकडे वळवायचे. माल घेऊन आलेला एखादा शेतकरी मात्र टक लावून बघायचा.

"दीड किलो उतरलं," त्या सोमवारी महालिंगप्पा आकडा बघून म्हणाले. "अजून लई हाय. जा, शाळेला उशीर होतोय."

शिवलीला काट्यावरून उतरली तेव्हा तिला भोवळ आल्यासारखं झालं. तिनं शेजारच्या पोत्यावर हात टेकला. महालिंगप्पांना वाटलं, पोर रुसली.

शिवलीला नळदुर्गच्या एका खासगी शाळेत गणित शिकवायची. स्कूटीवर जायची, यायची. अंगानं भरलेली होती, पण ताकदीची. सुट्टीच्या दिवशी रानात तुरीच्या राशीला उभी राहिली तर गड्यांच्या बरोबरीनं काम करायची. गेल्या दिवाळीपर्यंत घरात कुणाला तिच्या वजनाची आठवणही नव्हती.

दिवाळीनंतर उमरग्याचं स्थळ आलं. मुलगा रेवण, पुण्यात नोकरीला. साखरपुडा झाला आणि फोटो बघता बघता रेवणची आई शरणम्मा सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाय. पर तिच्याशेजारी आमचा पोरगा लहानच दिसायलाय. लग्नापातूर जरा उतरवा तिला."

रेवणच्या शर्टाची बटणं पोटावर ताणली गेली होती. ते कुणालाच दिसलं नाही. बायका हसल्या. शिवलीलाची आई रुद्रम्माही हसली, आणि "उतरवू की," म्हणाली.

त्या रात्रीच शिवलीलानं आईला सांगून बघितलं होतं. "अव्वा, वजन कमी करायला माझी ना न्हाय. दोन वेळा एकेक भाकरी खाते, भात बंद करते, फरसाण-चहा सोडते. रोज रानापर्यंत चालत जाते. हळूहळू उतरंल."

"हळूहळू म्हणजे कवा?"

"सात-आठ महिने तरी लागतील."

"आन् तारीख वैशाखातली हाय!" रुद्रम्मा म्हणाली. "ते काय थांबणारेत व्हय तुझ्यासाठी?"

मग सोलापूरच्या नात्यातल्या एका बाईनं पावडरीचा डबा पाठवला. सकाळी पाण्यातून पावडर, दुपारी काकडी, संध्याकाळी परत पावडर. भाकरी बंद, डाळ बंद, दूध बंद, तेलाचा थेंब बंद. डबा पाठवणाऱ्या बाईनं ना रक्त तपासायला सांगितलं, ना काही विचारलं. फोनवर एवढंच म्हणाली, "भूक लागली तर गरम पाणी द्या."

आणि स्वयंपाक मात्र शिवलीलालाच करावा लागे, कारण भाऊ शांतलिंगला तिच्याच हातची भाकरी आवडायची. संध्याकाळी शाळेतून आल्यावर ती परातीत पीठ मळायची, तव्यावर भाकरी फुगायची, चुलत्याच्या रानातली मेथी लसणावर परतायची. वास नाकात शिरला की पोटात कळ उठायची. शांतलिंग तिच्यासमोर बसून तिसरी भाकरी मोडायचा आणि वर म्हणायचा, "थोडे दिवस दम काढ की गं."

शांतलिंगची बायको शिवानी एकटीच गप्प असायची. एकदा तिनं पदराखाली अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेऊन नणंदेच्या हातात दिली. रुद्रम्मानं ते पाहिलं.

"लग्न मोडलं तर तू निस्तरणार हायेस व्हय?" ती सुनेवर कडाडली. "लेकराला भूक लागती ते मला कळत न्हाय? पर आत्ता खायला घातलं तर जन्मभर घरात बसवावं लागंल."

हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी तिनं भाकरी लेकीच्या हातातून काढून घेतलीच.

शिवलीलानं रेवणला फोन केला. वाटलं, हा तरी ऐकेल. "मला झेपत नाही हो हे. केस गळायलेत. वर्गात उभं राहवत नाही."

"आईचं एवढं ऐक ना," तो म्हणाला. "लग्न झाल्यावर खा की पोटभर. कोण अडवणारे?" मग लगेच त्यानं हॉलच्या डेकोरेशनचं काढलं.

होळीच्या आठवड्यात ती फळ्यावर उदाहरण सोडवत होती. खडू हातातून सुटला आणि ती मागच्या मागं कोसळली. टेबलाचा कोपरा डोक्याला लागला. मुली किंचाळल्या. शाळेतल्या शिक्षकांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

महालिंगप्पा आणि रुद्रम्मा धापा टाकत पोचले तेव्हा तिच्या डोक्याला टाके पडले होते आणि हाताला सलाइन होतं. डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बघत होत्या. "अंगात रक्त किती कमी झालंय, कल्पना आहे का? तीन महिने पाळी नाही म्हणते ही. तुम्हाला माहीत होतं?"

रुद्रम्मा खाली बघू लागली. तिला माहीत होतं.

"वजन कमी करायचं तर त्याला रीत असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात वैताग होता. अशा मुली त्यांच्याकडे बहुधा पहिल्यांदा येत नसाव्यात. "ज्वारीची भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, एखादी पालेभाजी, वाटीभर ताक, मूठभर शेंगदाणे. गोड आणि तळलेलं कमी. रोज चालणं. महिन्याला दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. यातलं काही घरात मिळत नाही का?"

"हाय की, बाई," रुद्रम्मा म्हणाली. "सगळं घरचंच हाय." आणि मग अगदी हळू आवाजात, "तेच बंद केलंय."

महालिंगप्पांनी घसा साफ केला. "डॉक्टर, हे बाहेर कुठं कळायला नको. उमरग्याला कळलं तर पोरीत खोट हाय म्हणतील."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट घडी करून रुद्रम्माच्या हातात दिला. त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

कळायचं ते कळलंच. पुढच्या रविवारी शरणम्मा नणंदेला घेऊन जळकोटला आली. महालिंगप्पांनी घाईघाईनं गव्हाची गोड हुग्गी करायला लावली. शेंगाचटणी, भरली वांगी, भाकरी, दही. शिवलीला डोक्याला पट्टी बांधूनच पाणी घेऊन बाहेर आली.

शरणम्मानं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि तिचा चेहरा खुलला. "आता कशी नाजूक दिसायलीस गं! आता फोटो चांगले येतील."

शिवलीलानं पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवला.

"रक्त कमी हाय म्हणं," ती पुढं म्हणाली. "तेवढं भरून काढा. पुढं लेकराबाळाला अडचण नको. पर वजन वाढू देऊ नका बरं का. आता उतरलंय तर तसंच राहू द्या."

ताटं मांडली गेली. पाहुण्या बसल्या, महालिंगप्पा बसले, शांतलिंग बसला. शिवलीला स्वयंपाकघरात गेली. तिनं एक ताट घेतलं, त्यात भाकरी ठेवली, वांगं वाढून घेतलं, दही घेतलं आणि बाहेर येऊन शरणम्माच्या समोर मांडी घालून बसली. तिनं भाकरीचा पहिला घास मोडला.

"हे काय?" शरणम्मा म्हणाली. "आता जेवणार व्हय तू?"

"व्हय, जेवणार. उद्याबी जेवणार, लग्न झाल्यावरबी जेवणार. वजन माझं मी बघीन, डॉक्टरला इचारून बघीन. तुमाला चालत असंल तर आत्ता सांगा."

"शिवलीला! ऊठ तिथनं!" महालिंगप्पा ओरडले.

ती उठली नाही. शरणम्मा व्याहीबुवांकडं बघत राहिली. शांतलिंगनं हातातला घास ताटात ठेवला. दारात उभ्या असलेल्या रुद्रम्माकडं सगळ्यांची नजर गेली, कारण पोरीला धाक होता तो आईचाच.

रुद्रम्मा पुढं आली. तिच्या हातात आमटीचं भांडं होतं. पाहुण्यांना ओलांडून ती लेकीजवळ वाकली आणि तिच्या ताटात डाव भरून आमटी वाढली. "कोरडी खाऊ नगं," एवढंच म्हणाली.

शरणम्मा अर्ध्या ताटावरून उठली. संध्याकाळी रेवणचा मेसेज आला. लग्न मोडलं.

महालिंगप्पा कित्येक दिवस बायकोशी आणि लेकीशी बोलले नाहीत. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर, किराणा दुकानात, देवळात लोक म्हणत राहिले, "खाण्यापायी पोरीनं लग्न मोडून घेतलं." शरणम्मानं काय मागितलं होतं, हे कुणी बोलत नव्हतं. शिवलीला भाकरी-उसळ खात होती, पहाटे शिवानीबरोबर रानाच्या वाटेनं चालून येत होती. तोंडावर रंग यायला लागला होता. तरी नवं स्थळ सुचवणारा मध्यस्थ फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचा, "अंगानं कशी हाय आता?" रुद्रम्मा फोन ठेवून द्यायची आणि मग बराच वेळ भांडी आपटत राहायची.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मधल्या सुट्टीत शिवलीलाच्या लक्षात आलं की आठवीतली सोनाली डबाच आणत नाही. खोदून विचारल्यावर पोरगी रडायला लागली. "आई म्हणती, आत्तापासूनच खाणं आवर. मोठेपणी कोण करून घेणार?"

आठवीतली पोर. शिवलीलाच्या डोक्यात तिडीक उठली. शाळा सुटल्यावर तिनं स्कूटी घराकडं नेली नाही. सोनालीला मागं बसवून ती थेट तिच्या घरी गेली.

सोनालीची आई अंगणात धान्य पाखडत होती. मॅडमना बघून तिनं पदर सावरला, पण मॅडम कशाला आल्यात हे कळताच तिचा चेहरा कडवट झाला. "तुमी नगा सांगू, मॅडम. तुमचंच लग्न मोडलं की यापायी. आमच्या पोरीचंबी तसंच करू म्हणता?"

शिवलीलानं चपला काढल्या आणि त्या बाईसमोर सतरंजी नसलेल्या जमिनीवरच बसली.

"व्हय, माझं मोडलं," ती म्हणाली. "का मोडलं ते लोकांकडनं ऐकलंय तुम्ही. आता माझ्याकडनं ऐका. पर आधी सोनालीला वाढा. ती जेवल्याबिगर मी हितनं उठणार न्हाय."