मशीनवरून काढलेली जाळी

मी एक जुनी लोखंडी जाळी आहो, मित्रांनो. वरूडच्या पुढं, मध्यप्रदेशच्या बॉर्डरच्या अलीकडं, भगवंतभाऊचं संत्र्याचं पॅकिंग शेड हाये. तिथं लहान-मोठी संत्री वेगळी कराची मशीन हाये. तिचा पट्टा अन् साखळी झाकासाठी एका वेल्डिंगवाल्यानं मले बनवलं.

पहिल्या दिवशी मले कुंकू लावलं, नारळ फोडला. "आता बायाइच्या हाताले धोका नाई," भगवंतभाऊ साऱ्याइले सांगे. मी बी फुगली.

पन संत्री येत देठापानासगट. पानं माह्यात अटकत, मशीन बंद करून काढा लागत. औंदा सीझनले बॉर्डरपार जानाऱ्या ट्रकाइची रांग लागली. भगवंतभाऊनं माहे नट खोलले. "हा ट्रक गेला का लावतो परत."

ट्रक गेला. दुसरा आला. मी भिंतीले टेकली त टेकलीच. कोनी माह्यावर ओले रुमाल वाळू घाले, कोनी डबे टांगे.

मशीनपुढं कौशल्या बसे. ती रोज मागं लागे. "भाऊ, जाळी लावा ना. पदर ओढते हे मशीन."

"घट्ट खोचून घे ना! जाळी लावली का घडीघडी मशीन बंद. माल अठीच सडवू का?"

शेजारची पार्वताबाई तोंडाची फटकळ. "भाऊ, एक दिवस तुमी लुगडं नेसून बसा अठी. मंग पाहू कसे खोचता त!"

साऱ्या हासल्या. भगवंतभाऊ बी हासला. मले कोनी हात नाई लावला.

त्याच दुपारी कौशल्याचा पदर साखळीत गेला. सोडवाले तिनं हात घातला. पार्वताबाईनं धावून बटन दाबलं, पन दोन बोटं गेले. मी हाताच्या अंतरावर होती, मित्रांनो. पन मले पाय नाईत.

भगवंतभाऊनंच तिले गाडीत घालून अमरावतीले नेलं. परत आल्यावर सरळ माह्याकडं आला. मले उचललं, मशीनवर बसवलं, अन् नट आवळतच राहिला. आता भगवंतभाऊच घडीघडी मशीन बंद करते. पानं काढा, पानी प्या, पाठ सरळ करा, मंग चालू. ट्रकवाले बोंबलते. पन शेड चालूच हाये, माल बी जाऊन राहिला.

जखम भरल्यावर कौशल्या आली. "ये वो माय, बस. आता जाळी हाये," पार्वताबाई म्हने.

कौशल्यानं माहा एकेक नट हलवून पायला. पक्का होता. तरी बी ती मशीनपुढं बसली नाई. दूर जाऊन पेट्या चिकटवाले लागली.

मित्रांनो, तुमच्या दुकानात, वावरात, कारखान्यात माह्यासारखी जाळी असन, त घाईच्या दिवशी तिले खोलू नोका. घाईच्याच दिवसासाठी बनवलं असते आमाले.