कुवारबावच्या घराचं गाऱ्हाणं

चिमाकाकूंनी नवऱ्याला शपथ घालून बजावलं होतं, "भिंतीचं तोंडातून काढायचं नाय. निदान या खेपेला तरी."

हरिश्चंद्रकाकांनी मान डोलावली, पण त्या मानेवर काकूंचा काडीचा विश्वास नव्हता. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करूनही या माणसाला एक थाप धड मारता येत नसे.

रत्नागिरीलगत कुवारबावला चार घरांच्या रांगेतलं हे तिसरं रो-हाऊस. खाली दीड खोली, वर दीड खोली, मध्ये तो मेला जिना. स्वयंपाकघर खाली, न्हाणी वर, आणि काकूंचे गुडघे कधीचेच संपावर गेलेले. देवरूखला लेकीच्या, दर्शनाच्या शेजारी तळमजल्यावरची जागा मिळत होती, पण ती दिवाळीपर्यंतच थांबणार होती. इकडे काकांनी पश्चिमेची भिंत आपण होऊन दाखवत घर विकत घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं पळवून लावली होती.

आज आलेलं जोडपं राजापूरचं. नितेश रोज तिथून रत्नागिरीला नोकरीसाठी ये-जा करी. "आमची पोरगी बापाला रविवारीच बघते," त्याची बायको समीक्षा म्हणाली. काकूंना ती एकदम आवडली. त्यांनी तिच्या ताटलीत घावणे वाढले, नको म्हणाली तरी आणखी दोन वाढले.

बोलणी सुरू करण्याआधी जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदार देवाला, नारळ ठेवायचा, ही रीत. सगळे परसात उभे राहिले. काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा, तुज्या पायाशी बावीस वर्षं सुखानं ऱ्हायलो."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आता ही पोरं आलीत. त्यांच्या लेकराला सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"आणि पश्चिमेची भिंत पावसात वल धरते. तितं त्या लेकराचं अंथरूण पडू नये, अशी त्यांना बुद्धी दे."

काकूंनी कपाळाला हात लावला. जागेवाल्यासमोर खोटं बोला असं सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? गेलं हेही गिऱ्हाईक.

मग समीक्षा ओढणी सारखी करत पुढे झाली.

"म्हाराजा, आमचंही ऐक. आम्ही आज नाही म्हणायला आलो होतो. दुसरीकडे नवं घर जवळजवळ ठरलंय. काकूंनी इतक्या मायेनं वाढलं, म्हणून तोंड उघडलं नाही."

"व्हय म्हाराजा," नितेश खाली बघत पुटपुटला.

"तिथं दोनदा गेलो, पण खोट कसलीच कोणी सांगितली नाही. इथं आमची पोरगी कुठं निजेल याची काळजी आधीच कोणीतरी करतंय. आम्हाला हेच घर दे."

"व्हय म्हाराजा," काका म्हणाले. नितेशही म्हणाला.

काकूंचं 'व्हय म्हाराजा' तेवढं राहिलं. ज्यासाठी वर्षभर नवऱ्याचं डोकं खाल्लं ते पदरात पडलं होतं, आणि आता खरंच जायचं हे त्यांना तेव्हा कुठे कळलं. काका थांबले. घरच्या बाईनं होकार दिल्याशिवाय ते नारळ फोडणार नव्हते.

"म्हण गो," ते हळूच म्हणाले.

चिमाकाकूंनी डोळ्याला पदर लावला, आणि म्हटलं.