आधी ओरडेल त्याचा चेंडू

स्टेफान ड्रोबनीला भीती कशी ती ठाऊकच नव्हती, आणि नसलेली भीती त्याने उसनी तरी का आणावी? आभाळात उंच लाथाडलेला चेंडू झेलायचा, काखोटीला मारायचा आणि समोरून रेड्यांसारख्या धावून येणाऱ्या गड्यांमधून वाट काढत सुसाट सुटायचं, हे ब्लॅकरिज कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात त्याच्याइतकं कुणालाच जमत नसे. आणि लोकांनी सांगायची वाट न बघता तो स्वतःच ते सगळ्यांना सांगत असे.

त्या शुक्रवारचा सामना रात्रीचा होता. कोळशाच्या खाणीत राबणारी माणसं दिवसाउजेडी पोरांचे खेळ बघायला कुठली येणार, म्हणून कॉलेजने मैदानाभोवती खांब रोवून दिवे चढवले होते, चेंडूला पांढरा रंग फासला होता, आणि स्टेफानचा बाप ओंद्रेय जन्मात पहिल्यांदा पोराचा खेळ बघायला आला होता. सकाळीच त्याने बजावलं होतं, "आज बघतो काय दिवे लावतोस ते. पटलं तर शीक पुढे. नाही तर सोमवारपासून माझ्याबरोबर खाणीत."

"तातो, सोमवारी तुमचीच छाती इतकी फुगेल की खाणीच्या तोंडात मावणार नाही," स्टेफान बापाला हसत म्हणाला होता.

दिव्यांच्या वर मात्र काळोख होता. चेंडू तिथे गेला की दिसेनासा व्हायचा, आणि परत खाली येताना दोघे धावले तर टाळकी फुटायची. म्हणून कोच मॅकार्डलने रात्रीपुरता नियम केला होता: जो आधी "माझा!" म्हणून ओरडेल, चेंडू त्याचा, बाकीच्यांनी कोण, काय न बघता बाजूला व्हायचं. सरावात त्याने हे पोरांच्या पायांत इतकं मुरवलं, की स्टेफानचा दोस्त गस म्हणे, "जेवताना कुणी 'माझा' म्हणालं तरी मी ताट सोडून उठतो, बाबा!"

पहिला चेंडू काळोखातून खाली येऊ लागला तसा स्टेफान ओरडला, "माझा!" आणि लगोलग मागूनही आलं, "माझा!" लाकडी बाकांवरून आवाज घुमला असेल, असं म्हणून त्याने चेंडू झेलला आणि अर्धं मैदान कापलं. बाप हाताची घडी घालून बसला होता, पण जरा पुढे सरकून.

दुसऱ्या वेळी ते दोन्ही आवाज एकदमच उठले. चेंडू स्टेफानच्या बोटांतून निसटता निसटता राहिला.

"गस, माझ्या मागे कोण होतं रे?"

"तुझ्या मागे? कुणी नाही. आणि एकदाच ओरड की, लेका! डबल डबल कशाला ओरडतोस?"

स्टेफानला राग आला. प्रतिपक्षातलाच कुणी नकलाकार असणार. त्याची खोड कशी मोडायची ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि त्याला बरंही वाटलं. सामना बरोबरीत होता, वेळ संपत आली होती आणि शेवटचा चेंडू वर गेला होता. खाली पाय रोवून, हात पसरून त्याने तोंड उघडलं.

"माझा!"

मागून आला तो आवाज. जरा घोगरा, खुशीतला, अगदी त्याचाच. जागचं हलायचं नाही, असं स्टेफानने ठरवलं होतं, पण पाय केव्हाच बाजूला झाले होते. त्याच्या अंगाला वारा लागेल इतक्या जवळून कुणीतरी पुढे गेलं. पाठीवर स्टेफानचाच सात आकडा. त्याने चेंडू झेलला आणि तो सुटला, एकाला हुलकावणी देत, दुसऱ्याच्या हाताखालून, अगदी स्टेफान सुटला असता तसा. रेषेपार झाला आणि सामना जिंकला. बाकं हादरली. ओंद्रेय ड्रोबनी, ज्याने बायकोच्या मयतीलाही टिपूस काढलं नव्हतं, तो बाकावर चढून हमसाहमशी रडत होता, "माझा पोरगा! अहो, माझा पोरगा!"

तरीही स्टेफान घाबरला नाही. पोरं फसतील, कोच फसेल. जन्मदाता कसा फसेल? गर्दीत कोपरं मारत तो बापापाशी पोचला. सात आकड्याच्या त्या दुसऱ्याने बापाला आधीच मिठी मारली होती. त्याची फक्त पाठ दिसत होती.

"तातो!"

त्या दुसऱ्याच्या खांद्यावरून ओंद्रेयने मान वर केली. ओल्या डोळ्यांनी स्टेफानला नीट, खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग एवढ्या मायेने, की तसं तो स्टेफानशी आजवर कधीच बोलला नव्हता, म्हणाला,

"बाजूला हो हं, बाळा. पोराला घरी न्यायचंय."